नऊ नंबर बोललाच नाही

सकाळी सव्वादहाला भाऊजींचा फोन आला तेव्हा ती उभ्याउभ्याच चहा पीत होती, कारण खुर्चीवर कागदांचा ढीग होता आणि तो हलवायचा तिला कंटाळा आला होता.

"मेहुणीबाई, तक्रार आहे," भाऊजी म्हणाले. "नऊ नंबर सोमवारी बोललाच नाही."

भाऊजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि नदीखात्याचे भोंगेवाले. धरणाच्या खाली पंधरा किलोमीटरपर्यंत नदीकाठाने अकरा खांब होते आणि प्रत्येक खांबावर एक भोंगा. धरणाचे दरवाजे उघडायच्या वीस मिनिटं आधी अकराही भोंगे वाजायचे आणि नदीच्या पात्रात जो कोणी असेल तो काठ गाठायचा. सव्वीस वर्षं भाऊजींनी हे भोंगे पोटच्या पोरांसारखे सांभाळले होते. महिन्यातून एकदा, सोमवारी, त्यांची चाचणी व्हायची.

"तुम्ही स्वतः नाही ऐकलं?"

"मी रजेवर होतो. दाढ काढायला आम्ही दोघं दिवसभर तालुक्याच्या दवाखान्यात होतो. परत आलो तेव्हा तोंड एवढं सुजलं होतं की तुझी ताई म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा घरात शांतता आहे." ते स्वतःच हसले. "खालच्या वळणावर खडी काढणारी माणसं आहेत, त्यांचा मुकादम आज भेटला, तो सांगत होता. भोंगा आणि सासू, आवाज आला नाही की काळजी करावी."

तिने पडद्याकडे पाहिलं. खात्याचं सगळं संगणकांचं जाळं तिच्या ताब्यात होतं. कोणता निरोप कुठल्या वाटेने जातो हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून बाई असूनही ऑफिसात तिला सगळे 'वाटाड्या' म्हणायचे. वाटांच्या तक्त्यात भोंग्यांची ओळ होती. भिंतीवरच्या बोर्डावर भोंग्यांचा दिवा हिरवा होता.

"वाट आहे, भाऊजी. माझ्याकडून सगळं ठीक आहे. तुमच्याच खांबावर बघा. फ्यूज उडाला असेल, नाहीतर एखादी वायर सुटली असेल."

"तू म्हणतेस म्हणजे आहेच. आत्ताच निघतो. खोलून बघायला लागेल."

तिने फोन ठेवला आणि चहाचा उरलेला घोट घेतला. तो गार झाला होता.

नऊ नंबरचा खांब काठावर नव्हता. नदी तिथे रुंद होती आणि मधोमध खडकांचा एक उंचवटा होता. त्यावर तो उभा होता, म्हणजे वळणाच्या दोन्ही अंगांना आवाज जावा. कोरड्या पात्रातून तिथवर चालत जायला अर्धा तास लागायचा, आणि एकदा पात्रात उतरलं की मोबाइलची रेंज नसायची. हे सगळं तिला माहीत होतं. पण त्या क्षणी त्यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. ऊन कडकडीत होतं, डोक्यावर ढगाचा तुकडा नव्हता, आणि त्या दिवशी पाणी सोडायचं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ध्यानीमनी नव्हतं ते सव्वाअकराला दाराशी येऊन उभं राहिलं. वरच्या डोंगरांत दोन दिवस पाऊस कोसळत होता आणि धरणातल्या पाण्याने धोक्याची रेघ ओलांडली होती. मोठे साहेब स्वतः नियंत्रण कक्षात आले. बाराला दरवाजे उघडायचे, अकरा चाळीसला भोंगे. पाळीवर जो माणूस होता त्याने बोर्ड पाहिला, हिरवा दिवा पाहिला, घड्याळात वेळ पाहून बटण दाबलं. खिडकीतून भोंग्यांचा आवाज आत आला. लांबलचक. जवळचे तीन-चार भोंगे तेवढे इथून ऐकू यायचे. बाकीचे ऐकू येत नसतच.

भाऊजी पात्रात आहेत हे तिला बटण दाबल्यावर आठवलं. पण लगेच तिने मनाची समजूत घातली: नऊ नंबर बिघडलेला असला तरी आठ आणि दहा आहेत की. दोन किलोमीटरवरून ऐकू येतील. चांगला तास आहे हातात. भोंगेवाल्याला भोंगा कळणार नाही तर कोणाला?

अकरा पन्नासला ताईचा फोन आला. ताईचं घर सहा नंबरच्या खांबाला अगदी खेटून होतं. चाचणीच्या दिवशी तिच्या स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरायच्या.

"काय गं, आज पाणीबिणी सोडणार नाही ना?" ताईने विचारलं. "हे नदीत गेलेत, म्हणून म्हटलं विचारावं. डोंगराकडे काळंकुट्ट दिसतंय."

"ताई, भोंगा वाजतोय ना. दहा मिनिटं झाली."

"कुठे वाजतोय?"

"सहा नंबर. तुझ्या घराशेजारचा."

"अगं, मी अंगणात उभी आहे. चिमणी बोलली तरी ऐकू येईल. काही वाजत नाहीये."

तिने खिडकीबाहेर कान दिला. इथे भोंगे वाजत होते. ताईच्या फोनमधून फक्त ताईचा श्वास ऐकू येत होता.

"ताई, पाणी सुटतंय. शेजारच्यांना सांग, काठावरच्या सगळ्यांना ओरडून सांग, वर या म्हणावं. आणि तू पात्रात उतरायचं नाहीस. ऐकतेस ना? पाऊल टाकायचं नाही."

"आणि हे?"

"मी बघते," ती म्हणाली.

ती टेबलाशी बसली, खुर्चीवरचे कागद तिने तसेच खाली ढकलले. सहा नंबरच्या खांबाला तिने एक साधा निरोप पाठवला आणि तो कुठपर्यंत जातो ते पाहिलं. नियंत्रण कक्षातून निघाला. कण्यातून गेला. वरच्या नाक्यापर्यंत पोचला. आणि तिथे नाहीसा झाला. नकार नाही, चूक नाही, उत्तर नाही. दगड विहिरीत टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं.

जाळं मोठं असलं की त्याचे भाग पाडतात, त्यांना क्षेत्र म्हणतात. क्षेत्राच्या आतल्या प्रत्येक राउटरकडे, म्हणजे निरोपाची वाट ठरवणाऱ्या यंत्राकडे, त्या क्षेत्राचा पूर्ण नकाशा असतो: कुठली तार कुठून कुठे जाते, कुठली आत्ता तुटली. पण बाहेरच्यांना तो नकाशा दिसत नाही. मधोमध एक कणा असतो, सगळी क्षेत्रं त्याला जोडलेली, आणि जिथे क्षेत्र आणि कणा भेटतात त्या सीमेवर एकेक राउटर असतो. ऑफिसात त्याला नाका म्हणत. नाका बाहेरच्यांना एवढंच सांगतो की अमुक पत्ते माझ्या पलीकडे आहेत आणि माझ्यापासून इतक्या अंतरावर आहेत. बाहेरचे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात. नाक्यापर्यंतचं आपलं अंतर अधिक नाक्याने सांगितलेलं अंतर, ज्या नाक्याची बेरीज कमी, त्याच्याकडे निरोप द्यायचा. पलीकडे खरंच काय आहे हे कोणी डोकावून बघत नाही.

भोंग्यांच्या क्षेत्राला दोन नाके होते. एक वरचा, नियंत्रण कक्षाला जवळ. दुसरा खाली, पुलापाशी. पूर्वी दोन्ही नाके अकरा खांबांचे अकरा पत्ते वेगवेगळे सांगायचे आणि बोर्डावर अकरा दिवे असायचे. पण खांबांमधली तार जुनी होती. ती आठवड्यातून चारदा तुटायची, जुळायची, आणि दर वेळी सगळ्या जाळ्यातले राउटर नव्याने हिशोब मांडत बसायचे. बोर्ड लुकलुकायचा, साहेब वैतागायचे. चार वर्षांपूर्वी तिने त्यावर तोड काढली. दोन्ही नाक्यांवर एकेक ओळ टाकली: अकरा पत्ते वेगळे सांगू नका, सगळ्यांचा मिळून एकच गोषवारा सांगा. अकरातला एक जरी खांब जिवंत असला तरी गोषवारा टिकतो. अकरा दिव्यांचा एक दिवा झाला. लुकलुक थांबली. साहेबांनी बैठकीत तिचं नाव घेऊन कौतुक केलं होतं. बोर्डासाठी वेगळी तपासणी उद्या लिहायची हे तिने तेव्हाच वहीत टिपून ठेवलं होतं. ते 'उद्या' काही उजाडलं नाही.

तिने वरच्या नाक्यावरच्या नोंदी उघडल्या. आठ दिवसांपूर्वी, चार आणि पाच नंबरच्या खांबांच्या मधली तार तुटली होती. त्या जागी रस्त्याचं खोदकाम चालू होतं हे तिला येताजाता दिसलेलं होतं. क्षेत्राचे दोन तुकडे झाले होते. एक ते चार वरच्या नाक्याकडे, पाच ते अकरा पुलाच्या नाक्याकडे. सातही खांब धडधाकट होते, पुलाच्या नाक्याला बिलगून निरोपाची वाट बघत होते. पण दोन्ही नाके अजून एकच सांगत होते, अकराही माझ्याकडे आहेत, आणि वरचा नाका जवळचा, म्हणून सगळे निरोप त्याच्याकडे जात होते. पाच ते अकराचे निरोप तो घेत होता आणि गिळून टाकत होता.

आठ दिवस. आणि सकाळी सव्वादहाला तिने भाऊजींना सांगितलं होतं, वाट आहे.

ती उठून साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. बाराला तीन मिनिटं कमी होती.

"साहेब, खालचे सात भोंगे वाजलेले नाहीत. दरवाजे थांबवा."

साहेबांनी बोर्डाकडे बोट दाखवलं. "हिरवा आहे."

"तो खोटं सांगतोय. मीच त्याला तसं बोलायला शिकवलंय. नऊ नंबरवर आपला भोंगेवाला आहे. खालच्या वळणावर खडीवाले आहेत."

साहेबांचा चेहरा उतरला, पण मान नकारार्थीच हलली. "पाणी रेघेच्या वर हातभर आहे. आता थांबवलं तर धरणाचं काही खरं नाही. मग अठरा-वीस नाही, अख्खं शहर. दरवाजे उघडणार. जीप पाठवतो, पुलावरच्या चौकीला फोन करतो."

"जीपला खालच्या वळणापर्यंत पाऊण तास लागेल. पाण्यालाही पाऊण तासच लागतो."

"मग काय करू म्हणतेस?"

"गोषवारा काढते. एक ओळ पुसायची आहे."

पाणी सुटायच्या दिवशी जाळ्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. तो लिहिलाही तिनेच होता. चालत्या गाडीचं चाक बदलू नये, हे तिचंच वाक्य. आणि नियम खुळा नव्हता: चुकीची ओळ पुसली तर वाजताहेत तेही चार भोंगे बंद पडले असते, कदाचित दरवाज्यांची वाटही गेली असती.

"हे तुला नक्की माहीत आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "सकाळी नक्की होतं."

साहेब तिच्या वाटेतून बाजूला झाले. तिने ते 'हो' समजलं.

बाराला धरणाकडून तो आवाज आला, जो आवाज नसतोच, फरशीतून तळपायांना कळतो. दरवाजे उघडले होते. पाळीवाला पुटपुटला, "देवा." ती वरच्या नाक्यावर शिरली. तीन वेळा संकेतशब्द चुकला. चौथ्यांदा घेतला नसता तर पंधरा मिनिटं दार बंद झालं असतं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, दहा आकडे मोजले आणि एकेका बोटाने टाइप केलं. दार उघडलं. नाक्यावर गोषवाऱ्याच्या एकाखाली एक सहा ओळी होत्या, प्रत्येक क्षेत्राची एक, आणि त्या एकमेकींसारख्याच दिसत होत्या. दरवाज्यांची ओळ भोंग्यांच्या ओळीला लागूनच होती. तिने पाळीवाल्याला बाजूला उभं केलं आणि पत्ता एकेक आकडा मोठ्याने वाचायला लावला. त्याने वाचला. पुन्हा वाचला. सहाही ओळी कागदावरच्या तक्त्याशी ताडून झाल्या तेव्हा वीस मिनिटं गेली होती. मग तिने ओळ पुसली.

आता वरचा नाका फक्त एक ते चारचे पत्ते सांगू लागला. उरलेल्या सातांबद्दल बोलणारा एकटा पुलाचा नाका राहिला. त्याचा गोषवारा अजून होताच, आणि या खेपेला तो खरा होता. काही सेकंदांत ही बातमी कण्यातून सगळीकडे पसरली, राउटरांनी आपापली गणितं पुन्हा मांडली, वाट वळली. पाच आणि सहा नंबरने निरोपाला उत्तर दिलं. सात. आठ. दहा. अकरा.

"बटण," ती ओरडली. "पुन्हा दाब!"

बारा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. तिने ताईला फोन लावला. ताईने उचलला पण तिचं बोलणं ऐकू येईना, कारण पलीकडे सहा नंबर वाजत होता.

नऊ नंबरचं उत्तर मात्र आलं नाही. उत्तर येणार कुठून? तिनेच सांगितलं होतं ना, खोलून बघा.

पुढे काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं. काही खडीवाल्यांच्या मुकादमाकडून, काही भाऊजींनी स्वतः सांगितलं म्हणून. भाऊजी खांबावरच्या फळीवर पट्टा बांधून बसले होते आणि भोंग्याच्या वायरी सोडून एकेक तपासत होते. सगळ्या चांगल्या निघाल्या म्हणून ते वैतागले होते. तेवढ्यात खालून दहा नंबर आणि वरून आठ नंबर एकदम वाजू लागले. त्यांना वाटलं, चाचणी आहे. मग त्यांनी वरच्या अंगाला पाहिलं. पात्रातले पक्षी एकदम उठले होते, सगळेच्या सगळे, आणि काठाकडे निघाले होते.

काठ गाठायला अर्धा तास हवा होता. तो नव्हता हे त्यांना लगेच कळलं. फळी पुराच्या रेषेच्या वर होती. तिथेच बसून राहिलं तर निभावलं असतं. पण खाली वळणावर अठरा माणसं होती, आणि खडी फोडायचं यंत्र धडधडत होतं. त्या धडधडीतून दहा नंबर ऐकू येणार नाही, ऐकू आला तर फक्त नऊ, हे भाऊजींना सव्वीस वर्षांच्या अनुभवाने पाठ होतं. त्यांनी वायरी जोडायला घेतल्या. भोंगा हातभर अंतरावर होता. उत्तराची वायर सुटलेली असली तरी निरोप खांबाच्या पेटीत येऊन थांबलेला होता. शेवटची वायर टेकवताच तो वाजला.

कानात बोटं घालायला हात मोकळे नव्हते. वायर स्क्रूखाली नीट बसेना. ती दोन बोटांनी दाबून धरावी लागत होती. ते दाबून बसले. यंत्र थांबलं, माणसं वर बघू लागली, पळू लागली. ती काठावर चढेपर्यंत पंचवीस मिनिटं भाऊजींनी ती वायर सोडली नाही. तोवर पाणी फळीखालून जात होतं, काळं, झाडांचे बुंधे घेऊन.

अठरांतले सतरा काठावर पोचले. मुकादमाचा धाकटा भाऊ अर्ध्या वाटेवरून यंत्रातली चावी काढायला माघारी गेला. दोन दिवसांनी तो पुलाच्या पलीकडे सापडला.

भाऊजींना संध्याकाळी साडेपाचला होडीतून आणलं. अंगावर खरचटल्याची खूणही नव्हती. ते होडीतून उतरले, ताईकडे बघून हसले आणि फार मोठ्याने म्हणाले, "आता का गप्प उभी आहेस?" ताई गप्प नव्हती. ती केव्हापासून त्यांना हाका मारत होती.

डॉक्टरांनी महिनाभर औषधं दिली. डावा कान पूर्ण गेला. उजव्यात फक्त एक शिट्टी उरली, अहोरात्र चालणारी, जी दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नाही.

चौकशी बसली. त्या चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी तिला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं. "तार रस्तेवाल्यांनी तोडली. ते कागदावर आहे. तेवढं पुरे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझी ओळ कोणाला कळणारही नाही."

"मला कळते," ती म्हणाली.

तिने चार पानी निवेदन दिलं. सव्वादहाच्या फोनसकट. चौकशी अधिकाऱ्याने ते वाचलं, चष्मा काढला, आणि विचारलं की हा गोषवारा म्हणजे बेकायदेशीर काही आहे का. ती म्हणाली, नाही, सगळेच टाकतात, पुस्तकातही तसंच करायला सांगितलेलं असतं. मग त्याला काय लिहावं ते कळेना. अखेर तिची बदली भांडारात झाली आणि रस्तेवाल्यांना नोटीस गेली.

ताईला तिने आधीच सांगितलं होतं, होडी आली त्याच रात्री, दवाखान्याच्या पायऱ्यांवर. ताईने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. मग म्हणाली, "त्यांनी तुला फोन केला तेव्हा तू एकदा तरी बघायचं होतंस गं. उठून नाही, बसल्याजागी." ताईने अजून तिच्याशी संबंध तोडलेले नाहीत. पण फोनवर बोलताना मधेच थांबते, आणि तो थांबा पूर्वी नव्हता.

भांडारात काम थोडं असतं. एका दुपारी जुनी कपाटं लावताना तिला हजेरीचा एक कागद सापडला. गोषवाऱ्याचा प्रयोग यशस्वी झाल्यावर खात्याने तिच्याकडून दोन दिवसांचा वर्ग घेववला होता. इतर खात्यांतून, कारखान्यांतून, दवाखान्यांतून एक्केचाळीस माणसं आली होती. त्यांना तिने फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं होतं की आपलं जाळं शांत कसं करावं. वायूच्या नळांवर नजर ठेवणारे होते, रुग्णांच्या खाटांशेजारची यंत्रं सांभाळणारे होते, खाणीतल्या हवेची मापं घेणारे होते. वर्ग संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

तिने त्या प्रत्येकाला पत्र लिहिलं. काय घडलं, कुठे बघायचं, कोणती ओळ, सात वाक्यांत. दीड महिन्यात अकरा उत्तरं आली. आठ जणांनी आभार मानले होते. दोघांनी लिहिलं होतं की आमच्याकडे असं काही होऊच शकत नाही. खाणीतल्या माणसाने कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहिलं होतं: बघितलं. खालच्या थरातली तीन मापकं गेल्या वर्षीपासून मुकी होती. माणसं रोज उतरत होती.

उरलेल्या तीस जणांना तिने पुन्हा पत्रं टाकली. मग फोन करायला घेतले. काहींचे नंबर बदलले आहेत, काही नोकरी सोडून गेले आहेत, काही जण 'बघतो' म्हणतात. ती भांडाराच्या टेबलाशी बसून यादीवरून बोट खाली आणते आणि पुढचा नंबर लावते. पलीकडे घंटी वाजत राहते.